हिप्परग्याची गयाबाई

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. चाळीस-बेचाळीस वर्षं संसार केला, तिच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून राहिलो, तेव्हाही मी गप्पच होतो. आता तुम्हाला सांगतोय — का, ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, कदाचित म्हणूनच लिहायला धीर होतोय.

निमित्त अगदी फुसकं झालं. नात इथं लातूरला आमच्याकडे राहून क्लास करते. परवा जेवताना मोबाईलमध्ये काहीतरी वाचत होती. एकदम म्हणाली, "आजोबा, तुमचं कंधार अफगाणिस्तानातपण आहे!" मग सुरूच झाली — हैदराबाद सिंधमध्ये आहे, लंडन कॅनडात आहे, पॅरिस तर अमेरिकेत कितीतरी. मुलगा म्हणाला, लांब कशाला जातेस, आपल्याकडची उमरी नावाची गावंच मोज, दमशील. सगळे हसले. मग पोरीनं सहज विचारलं, "एका नावाची दोन गावं असली की निरोप चुकत असतील ना हो, आजोबा?"

मी ताटावरून उठलो. पित्त झालंय म्हणून सांगितलं. माझ्या पित्ताला घरात कोणी दाद देत नाही, तेव्हा ते पुन्हा हसले.

चुकतात, बाई. निरोप चुकतात. पण मला जे सांगायचंय ते चुकीबद्दल नाही — चूक कुणाच्याही हातून होते. मला त्यानंतरचं सांगायचंय.

बहात्तरच्या दुष्काळात मी दुष्काळी कामावर मस्टर कारकून होतो. वय बावीस, नुकतंच लग्न झालेलं, नोकरी हंगामी. घरची जमीन कंधारकडे, चांगली कोरडवाहू चाळीस एकर, पण त्या साली तिच्यात हरळीसुद्धा उगवली नाही. काम रस्त्याचं होतं, कंधार आणि अहमदपूर तालुक्यांच्या शिवेवर. आसपासच्या दहा-बारा गावांची माणसं खडी फोडायला यायची. दुपारी सगळ्यांना सुकडी मिळायची, भरड पिठाचं सरकारी खाणं — पिवळसर, कोरडी, मूठभर. निम्म्या बायका ती खायच्या नाहीत, पदराला बांधून पोरांसाठी न्यायच्या.

त्या दहा-बारा गावांत हिप्परगा नावाची दोन होती. एक शिवेच्या अलीकडं, कंधार तालुक्यात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. दुसरं पलीकडं, अहमदपूर तालुक्यात. तेव्हा त्याचा जिल्हा उस्मानाबाद होता, पुढं लातूर झाला. लोकांना काही अडचण नव्हती. ते एकाला टेकाचं हिप्परगा म्हणायचे, दुसऱ्याला थडीचं, कारण ते नदीच्या काठाला होतं. सरकारी कागदावर मात्र दोन्ही नुसतीच हिप्परगा. आणि दोन्हीकडून एक-एक गयाबाई कामाला यायची.

मस्टरमध्ये बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लिहायचं असतं. आता तुम्हीच सांगा, त्या काळी कोणती बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेणार होती? "तुमच्याच नावाचे हायती की," म्हणायची, किंवा मान वळवून शेजारणीला कोपरानं ढोसायची. मग शेजारीण सांगायची. रीतच होती ती. रांगेतल्या प्रत्येक बाईपाशी दोन मिनिटं थांबावं लागायचं, आणि मी थांबलो नाही. ऊन होतं, रांग लांब होती, माझं डोकं तापलं होतं. दोघींच्या नावापुढची जागा मी कोरी सोडली आणि संध्याकाळी झाडाखाली बसून मनानंच भरली. थडीच्या हिप्परग्याचा तुकाराम मला माहीत होता, आमच्या नात्यातल्या नात्यात सोयरीक होती त्यांची. त्याची बायको गयाबाई, एवढं ठाऊक होतं. पण दोघींतली ती कोणती? पहिल्या गयाबाईपुढं तुकाराम लिहून टाकलं. दुसरीपुढं सुचेल ते एक नाव लिहिलं.

दुसरं एक खरं सांगू? टेकाच्या हिप्परग्याची गयाबाई बौद्ध वस्तीतली होती. त्या बायका कडेला वेगळ्या बसायच्या, त्यांचा पाण्याचा माठही वेगळा होता — तो वेगळा कोणी ठेवला, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या आळीतली बाई असती, तर उठून चार पावलं जाऊन विचारलं असतं का मी? असतं.

तर पहिली गयाबाई, जिच्यापुढं मी तुकाराम लिहिलं, ती खरं म्हणजे हीच, टेकाच्या हिप्परग्याच्या भिवाजीची बायको होती.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती आली. वस्तीतलं कोणीच त्या दिवशी कामावर आलं नाही, गावात मिरवणूक होती. एकटी गयाबाई आली. सुकडीसाठी आली होती, हे नंतर कळलं. घरी सहा-सात वर्षांची मुलगी होती. सकाळचं काम करून, सुकडी घेऊन, मिरवणुकीला परतायचं असा तिचा बेत होता.

सुकडी वाटून झाली आणि ती खडीच्या ढिगावर कोसळली. ऊन लागलं. भलत्याच गावच्या दोघी-तिघींनी उचलून सावलीत आणली, तोंडावर पाणी मारलं. त्या दिवशी मस्टरात एकच गयाबाई हजर होती, पुढं तुकाराम; तेच बघून मी चिठ्ठी लिहिली — गयाबाई तुकाराम, हिप्परगा, तालुका अहमदपूर — आणि खडीच्या ट्रकमधून पहारेकऱ्यासोबत तिला दवाखान्यात धाडलं. थडीच्या हिप्परग्याला सायकलवरून माणूसही पाठवला. बघा, त्या क्षणापर्यंत मी किती तत्पर होतो!

ती वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास सायकलवाला परतला. हसतच आला. "सायेब, गयाबाई तर घरी हाय. चुलीपुढं बसून भाकरी करून राहिली. तुकाराम म्हणला, धडधाकट बायकोला दवाखान्यात कशाला घालता?" सगळे हसले. मीही हसलो असेन.

मला कळलं होतं. त्याच वेळी, त्याच जागी. तुम्ही म्हणाल, घाबरलेला पोरगा, गोंधळला असेल — नाही हो. डोकं इतकं स्वच्छ आयुष्यात पुन्हा कधी चाललं नाही. दवाखान्यात पडलेली बाई कोण, ते मला ठाऊक होतं. तिचं हिप्परगा चार कोसांवर होतं. सायकल झाडाला टेकून उभी होती. दिवस मावळायला अजून दोन-अडीच तास होते. तिच्या माणसांना तिचं तोंड बघता आलं असतं.

मी गेलो नाही. आठवड्यानं वरचे साहेब तपासणीला यायचे होते. चौकशी झाली असती, मस्टरमधली नावं मनानं भरलीत हे निघालं असतं, हंगामी नोकरी गेली असती. एवढंच. याहून मोठं काही कारण शोधून मी थकलो आहे.

मी दवाखान्याला कळवलं की त्या बाईनं नाव-गाव खोटं सांगितलं होतं. मेलेल्या बाईवर ढकललं. फिरस्ती असेल, म्हणालो. त्यांनी आणखी एक दिवस वाट पाहिली आणि उन्हाळ्यामुळं तिला बेवारस म्हणून पुरून टाकलं. पहारेकऱ्याला मी पोलिसांची भीती घातली. म्हातारा माणूस, तो पुढं कधी बोलला नाही. त्यानं तिच्या पदराची गाठ सोडून सुकडी एका फडक्यात बांधून आणली होती. ट्रकमध्ये शुद्धीवर असेपर्यंत ती तेवढंच बोलत होती म्हणे — पोरीला द्या, पोरीला द्या. ती सुकडी मी दुसऱ्या दिवशीच्या पिंपात ओतली. फडकं जाळलं.

तिसऱ्या दिवशी भिवाजी आला. सोबत वस्तीतली दोन माणसं. हात जोडून उभा राहिला. "सायेब, माही मंडळी जयंतीच्या दिशी कामावर आल्ती. घरी आली न्हाई. हितं कोनी गयाबाई पडली म्हनत्यात."

बायकोचं नाव घ्यायला तोही लाजला असता एरवी. त्या दिवशी घेतलं.

मी म्हणालो, "पडली ती थडीच्या हिप्परग्याची. ती घरी आहे, बरी आहे, कुणालाही विचारा. तुमची त्या दिवशी आलीच नाही." आणि मस्टर उघडून दाखवलं. तिच्या नावापुढं त्या दिवशीचा 'हजर' मी आदल्या संध्याकाळीच खोडून गैरहजर केला होता. त्याला वाचता येत नव्हतं. तरी तो बराच वेळ त्या रकान्याकडं बघत राहिला.

पुढचं गावानं केलं, मला काही करावं लागलं नाही. बाई सकाळी कामाला म्हणून निघाली आणि कामावर पोहोचलीच नाही. याचा अर्थ लोक काय काढतात? त्यांनी ट्रकवाला शोधून काढला, त्याचं गाव शोधून काढलं, ती हैदराबादला सुखात आहे असंही कोणी सांगितलं. भिवाजीनं तिचं नाव टाकलं. सगळं माझ्या कानावर येत होतं. पंधरा दिवसांत काम पुढं सरकलं, टोळ्या बदलल्या, मी दुसऱ्या गावाला गेलो.

मग नोकरी पक्की झाली. पोरं झाली. दहा वर्षांनी नवा जिल्हा झाला आणि माझी बदली लातूरला. नवी कचेरी, रंगाचा वास, आणि जुन्या जिल्ह्याहून ट्रक भरभरून येणारी दप्तरं. ती लावायचं काम माझ्याकडं आलं. अहमदपूरच्या गठ्ठ्यांत एक दिवस माझंच अक्षर समोर आलं. ते मस्टर. मी गठ्ठा बांधला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

आणि एका दुपारी टेबलासमोर एक मुलगी येऊन उभी राहिली. सतरा-अठराची, पांढरा परकर-पोलका नव्हे, नीट इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी. नाव सुमन भिवाजी. आधी नांदेडला जाऊन आली होती. तिथं सांगितलं की ते काम अहमदपूरकडं होतं, म्हणून इकडं.

"दोन सोयरिकी मोडल्या माझ्या," ती म्हणाली. रडत नव्हती. "आई पळून गेली म्हणून. मला आईची हजेरी बघायची हाय. जयंतीच्या दिशीची. ती कामावर गेलतीच. मिरवणुकीला येते म्हणली होती मला."

गठ्ठा माझ्या पाठीमागं होता. स्टूल घेतलं असतं तर हात पोहोचला असता. खाडाखोड कोणालाही ओळखू आली असती, तिला तर नक्की. ती दहावी झाली होती. काय बोललो मी? "ते दप्तर अजून उस्मानाबादलाच आहे."

ती उस्मानाबादला गेली. तुम्हाला अंतर ठाऊक असेल, उन्हाळ्यात एसटीनं पार पिट्ट्या पडतो. दहा-बारा दिवसांनी परत आली, तिथली चिठ्ठी घेऊन — दप्तर लातूरला पाठवलं आहे. चिठ्ठी खरी होती. पण मधल्या दिवसांत मी मुदत संपलेल्या कागदांची यादी केली होती, तिच्यात तो गठ्ठा घातला होता, आणि कचेरीच्या मागं तो माझ्यासमोर जळाला होता. मी तिला सांगितलं की नष्ट झालं. त्या पोरीशी मी बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं आहे.

ती म्हणाली, "बरं, साहेब." मग म्हणाली, "तुम्ही लई तरास घेतला." आणि पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.

दहा वर्षांपूर्वी मी चूक केली असेल, चला. पण त्या दुपारी? तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो, पक्क्या नोकरीत होतो, मलाही एक मुलगी होती. तेव्हा कसली भीती होती?

मध्यंतरी टेकाच्या हिप्परग्याचा एक माणूस बसमध्ये शेजारी बसला होता. भिवाजी वारला म्हणाला. सुमन उशिरा का होईना उजवली, आता उमरीला असते, नातवंडं आहेत. उमऱ्या किती आहेत ते मघाशी सांगितलंच. कोणती उमरी, एवढं विचारायला तोंड उघडलं होतं मी. उघडलं आणि मिटलं. खिडकीबाहेर बघत बसलो, आणि मनाला बरं वाटलं की उमऱ्या पुष्कळ आहेत.

नात आता पुन्हा विचारणार नाही, विसरली असेल. मस्टर जळालं, पण तो रकाना मला तोंडपाठ आहे. मी खोडायच्या आधी तो होता तसा, आणि तिच्या नवऱ्याचं नाव घालून, इथं लिहितो.

गयाबाई भिवाजी. हिप्परगा, तालुका कंधार. जयंतीचा दिवस — हजर.