निजलेले ऐन

मुलांनो,

मागच्या दारचे झाड वाळले, सगळी पाने गेली, आता बाबा ते काढून टाकणार, असे तुम्ही लिहिले आहे. थोडे थांबा. त्याआधी सोमामामांविषयी वाचा. हे पूर्वीच सांगायला हवे होते. पण त्यात माझी एक चूक आहे, म्हणून राहून गेले.

सोमामामा कर्जतजवळच्या कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतले. वाळके झाड दिसले की कमरेच्या आकडीतला कोयता काढून टोकाने साल जराशी खरवडायचे, तिथे अंगठा दाबायचे आणि दारातून हाक मारावी तसे विचारायचे, "हाय का रं घरात?" अंगठा ओला झाला की म्हणायचे, "हाय. निजलाय." मग त्या जागेवर चिखल लिंपायचे.

सत्तरच्या दशकात वाड्यांवरच्या तरुण मुलामुलींसाठी कशेळ्याला वनशिक्षणाचा वर्ग निघाला. शेवटी वनखात्याचे साहेब परीक्षा घेणार आणि पसंत पडतील त्यांना सरकारी रोपवाटिकेत नोकरी. नाही तर सुगी संपली की वीटभट्टी ठरलेली. मी इंग्रजी पुस्तकांवरून धडे काढून शिकवत असे. सोमामामा रोपांना पाणी घालायला ठेवलेले मजूर. मी बोलत असताना मागे बसून पिशव्यांत माती भरत.

फाल्गुनात मी वर्ग टेकडीवर नेला. मेलेल्या झाडांना चुन्याचा पट्टा मारायचा, म्हणजे ती तोडून तिथे नवी रोपे लावता येतील. उतारावर ऐनाच्या झाडांचे नुसते खांब उभे होते, ना फांदी ना पान. मी म्हटले, "ही सगळी मेलेली." मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि मुकाट्याने पट्टे मारले. पट्टा मारलेल्या झाडांची यादी मी साहेबांकडे धाडून दिली.

दुसऱ्या दिवशी मामा आले. "बाई, त्या ऐनांच्या फांद्या आमीच तोडल्यात, राबाला. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजाया दरसाल घेतो. तुमी मेलं लिवलंत, ते निजलेत."

"मग मुले बोलली का नाहीत?"

"बाईंच्या तोंडावर नाय कोन म्हनंल?"

चूक सांगितली तर वर्ग वाया गेला असे ठरून मुलांच्या नोकऱ्या हुकणार. न सांगितली तर तो सगळा उतार तोडला जाणार. मामांना विचारले, काय करू? ते म्हणाले, "झाडाला तोंड नाय, बाई. तुमाला हाय."

साहेब आले तेव्हा मी त्यांना त्याच उतारावर नेले आणि म्हटले, "यादी चुकली आहे. चूक माझी, मुलांची नाही."

"झाड जिवंत की मेलेले हे कळत नसेल, तर यांना नोकरीवर घ्यायचे कशासाठी?"

मामांनी कोयता हिराच्या हातात दिला. वर्गातली सर्वांत अबोल मुलगी. "इच्चार गं त्याला."

हिराने साल खरवडली, अंगठा दाबला आणि ओला अंगठा साहेबांपुढे धरला. "हाय. निजलाय."

"मग चुना का मारलास?"

"बाई बोलल्या."

"उद्या मी चुकीचे बोललो तर?"

हिराने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा मामांकडे. "सांगीन. आन् नाय आयकलं तर चुना पुसून टाकीन."

साहेब हसले नाहीत. तिथेच खिशातली यादी काढून त्यांनी तिच्यावर आडवी रेघ मारली. त्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांना नोकरी लागली. मामांचे वय उलटले होते, म्हणून त्यांचे नाव कागदावर चढले नाही. मला वाईट वाटले, तर म्हणाले, "मला कशाला वो नोकरी? मी त्या झाडांच्या घरचाच हाय."

पुढच्या वर्षांच्या वर्गांत मी काही सांगितले की आधी विचारायचे, "यात माझे काय चुकले?" पहिले काही दिवस कोणी बोलत नसे. मग बोलायला लागले.

मामा काही वर्षांनी तापाने गेले. सांगायला हिरा कर्जतला माझ्या घरी आली, तेव्हा मामांचा कोयता तिच्याजवळ होता.

तुमच्या झाडाची साल कोवळ्या फांदीवर नखाने खरवडून पाहा आणि काय दिसले ते बाबांना सांगा. कशेळ्याच्या उतारावरचे ते ऐन अजून उभे आहेत.