टाकीला थापलेला साबण

लोणावळ्याच्या बाजारात रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करणारा हा माणूस गिऱ्हाइकाकडे बघत नाही. आधी स्टोव्हची टाकी हुंगतो. खंडाळ्याच्या एका बंगल्यातली स्वयंपाकीण आली तेव्हा मी तिथेच होतो. टाकीच्या चिरेवर तिच्या शेठने साबण थापला होता.

"चीर कशीबशी झाळून बुजव, भाऊ. शेठ नवा घेत न्हाईत."

"टाकी सडलीया, मावशी. साबण वितळला की तू पेटशील. शेठला म्हणावं, सवता पंप मार!"

"माझं काम जाईल रं."

त्याने खिळा ठोकून टाकीला आरपार भोक पाडले आणि स्टोव्ह तिच्यापुढे आदळला.

तिचे काम गेले. ते मी त्या दुरुस्तीवाल्याला सांगितले, तेव्हा तो माझ्यावरच ओरडला, "जिती हाय न्हवं?"