पाच भेटी आणि पाचही वेळा चव्वेचाळीस

“रेखा, या बाळाचे श्वास पाचही भेटींत चव्वेचाळीसच कसे गं?”

उपकेंद्राच्या टेबलावर महिन्याचे फॉर्म पसरले होते. चारच्या आत ते भडगावला पोचवायचे होते आणि माझा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. ही माझी जुनी खोड. आता रिटायर होऊन पिंप्राळ्यात राहते, तरी दूध तापेपर्यंत गॅसपाशी उभं राहणं मला जमत नाही.

रेखा गावची आशा. आशा म्हणजे घरोघरी जाऊन नवी बाळं तपासणारी गावातलीच बाई. ठरलेल्या दिवशी जायचं, वजन करायचं, ताप बघायचा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. फॉर्म आशा भरते आणि सही मी करते, कारण मी तिथली नर्स.

बाळ रडलं की श्वास वाढतात, झोपलं की उतरतात. महिनाभर एकच आकडा कसा राहील?

“खरं सांग, मोजलेस का?”

“ताई, ते घर मना चुलत सासरास्नं शे.” तिने पदर बोटाला गुंडाळला. “नाना दारमाच बसतस. मी खाल मुंडी घालीसन आत जास. अक्का म्हनतस, पोर उघाडू नको, सर्दी व्हई जाई. मी सून शे. मी काय बोलू?”

“मग चव्वेचाळीस आणले कुठून?”

“तुम्हीच सांगेल व्हतं ना, चाळीस-पन्नास म्हंजे चांगलं.”

आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, म्हणतात ना, तसं झालं होतं. आणि दळणारी मीच होते. पाचपैकी चार फॉर्मवर माझी सही होती. मी फॉर्म तसेच टाकले, स्कूटर काढली आणि रेखाला म्हटलं, बस मागे.

नाना दारात खाटेवर होते. कापसाची शेती, गावात मान, बोलणं मोजकं. त्यांची लेक दीपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सासर धुळ्याचं. मुलगी झाली होती, तेहतीस दिवसांची.

“या सिस्टर. च्या लेवा.”

“चहा नंतर, नाना. आधी बाळ बघते.”

आत डोळे चुरचुरले. खिडकीला घोंगडी लावलेली, बाजेखाली शेगडी आणि तिच्यात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, धुमसत होत्या. थंडीचे दिवस, बाळंतिणीला शेक हवा, हे मलाही कळतं. पण त्या धुरात मलाच खोकला यायला लागला. तेवढंसं बाळ तो धूर महिनाभर घेत होतं.

“बठ्ठी रात रडनी,” बाळाच्या आजी, अक्का, म्हणाल्या. “आते कोठे तिना डोया लागना. उठाडू नका.”

“दीपाली, सकाळपासून किती वेळा पाजलंस?”

“दोनच येळा. तोंड लावस नि लगेच दमी जास.”

हे ऐकलं आणि मी कोणाची परवानगी मागितली नाही. शेगडी बाहेर ठेवायला लावली, दार उघडलं. बाळाची रग काढली, दुपटं काढलं, दोन आंगडी वर केली. घड्याळ पोटाशेजारी धरलं. पोट एकदा वर आलं की एक श्वास. मिनिट संपलं तेव्हा बहात्तर भरले. आमचा नियम असा की पुन्हा मोजायचं. पुन्हा मोजले, सत्तर. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. बाळ छातीचा सगळा जोर लावून हवा ओढत होतं आणि दमून गळून पडलं होतं. घरच्यांना ती झोप वाटत होती.

ताप नव्हता. खोकलाही नव्हता. लोकांना वाटतं, न्यूमोनिया म्हणजे खोकून खोकून बेजार. इतक्या लहान बाळाला धड खोकताही येत नाही.

बाहेर येऊन मी नानांना म्हटलं, “बाळाला न्यूमोनियाची शंका आहे. आत्ता निघायचं. अँटिबायोटिकचा पहिला डोस मी देते, पुढे जळगावला न्यावं लागेल.”

“सव्वा महिना व्हवाले आजून हप्ता बाकी शे,” नाना शांतपणे म्हणाले. “तेन्हा आधी पोर गावना येसबाहेर काढतस नई. नि पोर आमनी नई, धुयाना व्याहीस्नी शे. काही कमी-जास्ती व्हयनं ते मी त्यास्ले काय तोंड दखाडू?”

“मग फोन लावा त्यांना.”

लावला. व्याही उचलेनात. पुन्हा लावला. जावई कारखान्यात, त्याचा मोबाईल बंद. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. आतून बाळाचं बारीक कण्हणं येत होतं आणि मी मनात मोजत होते. तिसऱ्यांदा रिंग वाजून थांबली.

तेवढ्यात नाना आत गेले आणि बाळाचं कार्ड घेऊन आले. घरी ठेवायचं ते कार्ड. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

“हाई दखा. पाच येळा मोजं, पाची येळा चव्वेचाळीस. सरकारी कागद शे. खाले सही तुमनीच शे ना? परवादिन पावत बराबर व्हतं, नि आज तुम्ही घाबराई राह्यनात.”

माझीच सही माझ्या आड आली होती. खरं सांगायचं तर दरवाजात उभ्या सुनेचं नाव घ्यावं लागणार, आणि तिला याच घरात, याच भाऊकीत जन्म काढायचा होता. मी तोंड उघडलं, पण रेखाच पुढे आली. पदर डोक्यावर, मान खाली. त्या अंगणात ती पहिल्यांदाच सासऱ्यासमोर बोलत होती.

“नाना, मी मोजंच नई. एक बी येळा. तो आकडा मी मनना मन लिखा.”

“आणि मी न बघता सही केली,” मी म्हटलं. “चूक तिची जेवढी, तेवढी माझी. पण आजचे बहात्तर खरे आहेत, नाना. घड्याळ घ्या आणि तुम्हीच मोजा.”

त्यांनी खरंच घेतलं. आत जाऊन बाजेशेजारी खाली बसले. बोटांवर मोजता मोजता त्यांचे ओठ हलत होते. मिनिट पुरं व्हायच्या आतच उठले.

“अक्का, दुपटं बांध. व्याहीस्ले मी मंग पाही लिसू.” मग रेखाकडे न बघता म्हणाले, “सूनबाई, तू बी गाडीमा बस. आते बराबर मोज.”

मी डोस दिला. बाळाला दीपालीच्या उघड्या छातीशी, पदराआत घातलं, म्हणजे ऊब आईची मिळते. शेजाऱ्यांच्या गाडीतून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथे ऑक्सिजन लागला आणि ॲम्ब्युलन्समधून जळगाव. नाना ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही तिघी मागे. रस्ता सरता सरत नव्हता. प्रत्येक गतिरोधकाला माझा जीव वर यायचा. रेखा मात्र घड्याळ धरून वाकली होती आणि दर थोड्या वेळाने मोठ्याने आकडा सांगत होती. अडुसष्ट. एकाहत्तर. सहासष्ट. पुढे बसलेले नाना प्रत्येक आकड्याला मान वळवत होते.

बाळ वाचलं. नऊ दिवस हॉस्पिटलात होतं. डॉक्टर म्हणाले, घरी रात्र काढली असती तर काही सांगता आलं नसतं. धुळ्याचे व्याही तिथेच येऊन बसले आणि सव्वा महिन्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. आपण उगाचच त्यांना घाबरत होतो, असं नाना मला दोनदा म्हणाले.

मी माझी आणि रेखाची चूक मेडिकल ऑफिसरना लिहून दिली. त्यांनी दोघींना झापलं, मला जास्त. रास्तच होतं.

पुढच्या महिन्यात रेखाने फॉर्म आणून दिले. एकावर पन्नास, दुसऱ्यावर सत्तेचाळीस. तिसऱ्यावर श्वासांचा रकाना कोरा होता आणि शेजारी तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘घरच्यांनी कपडे काढू दिले नाहीत. मोजले नाहीत.’

नोकरीच्या इतक्या वर्षांत इतका चांगला फॉर्म माझ्या हाती आला नव्हता. मी त्यावर सही केली आणि स्कूटरची किल्ली उचलली.

“चल,” म्हटलं, “कोणाचं घर ते?”