पट्टा वाजला पाहिजे

त्या दिवशी सकाळी भाकरी खाऊन झाली आणि बायकोनं मला खोलीच्या मधोमध उभं केलं. सदरा वर गुंडाळून काखेत धरायला लावला आणि माझ्या कमरेला नाचाचा पट्टा बांधला. हिरव्या मखमलीचा पट्टा, खाली मण्यांच्या सरी, सरींच्या टोकाला पितळी पत्र्याचे सिक्के. पोट सुटलेला म्हातारा, खाली रेघारेघांचा लेंगा आणि वर हा शृंगार. परका माणूस बघून हसून मेला असता. आमच्या घरात ते नेहमीचं होतं.

"पोट आत घेऊ नका," ती म्हणाली.

"नाही घेतलं."

"घेतलंय. सोडा."

मी पोट सोडलं. पट्टा घसरून जागेवर बसला.

"हं. हलवा आता."

मी कंबर हलवली. ती डोळे मिटून ऐकत होती. मला स्वतःला फार ऐकू येत नाही. सगळी उमर सुरतच्या कापडाच्या लूमवर, त्या खडखडाटात गेली, कान तिथंच ठेवून आलो.

"डावी बाजू नही वाजस," ती म्हणाली. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून बहुतेक साध्या मराठीत लिहितो, पण हे वाक्य तिचं तसंच ठेवतो.

"वाजतेय की."

"तुम्हाला काय ऐकू येतं? डावी बाजू तुम्हीच ओवली ना? दोरा असा ओढलाय, जसा काही लूमवर ताणा भरताय. सर ताठ झाली की ती लटकून राहते, वाजत नाही. राहू द्या, दुपारी उसवू."

तिनं पट्टा सोडून खिळ्याला अडकवला. दुपारी जरा पडते म्हणाली. मी चहाला उठवायला गेलो तर उठली नाही. एवढंच झालं. त्याच्यावर जास्त लिहिणार नाही. पट्ट्याबद्दल लिहितो, कारण ते काम आमचं होतं आणि चांगलं होतं.

आम्ही खानदेशातले. लग्नानंतर सुरतेला आलो ते इथलेच झालो. सुरतेतच कोसाडला दोन खोल्या, आणि भिंतीला भिंत लागून माझी थोरली वहिनी. भाऊ गेल्यावर ती एकटीच राहायची. आमची एकुलती एक पोरगी कडोदऱ्याला दिलेली. लूम सुटल्यावर मी घरी बसलो. बायको घरबसल्या साड्यांवर टिकल्या लावायची. सुरतेत अर्ध्या बायका हेच करतात, त्यात काही नवल नाही. पण तिची टिकली गळत नसे. बाजारातला माणूस तिची साडी वेगळी काढून ठेवायचा.

नव्वदच्या पुढची वर्षं होती, घरोघरी केबल नुकती आलेली. आमच्या ओळीतली एक पोरगी ऑर्केस्ट्रात नाचायची. बाप नव्हता, आई साड्यांचे धागे कापायची, घर पोरीच्या पायावर चालायचं. एकदा ती रडत आली. अरबी नाचाचा विकतचा ड्रेस होता, त्याची सर स्टेजवर तुटली, मणी सगळीकडे पसरले आणि तीच त्यावरून घसरून पडली. लोक हसले.

बायकोनं तो ड्रेस हातात घेतला, उलटा केला, शिवण बघितली आणि बाजूला टाकला.

"ही काय शिवण आहे? मी करून देते."

मी म्हटलं, "अगं, तू आयुष्यात असला ड्रेस पाहिलायस का?"

"आता पाहिला ना."

झालं, तिथून सुरू झालं. मखमल आणि जॉर्जेटचे तुकडे इथं वजनावर मिळतात. मणी, काचेच्या नळ्या, जरीची फीत, सगळं बाजारात. पितळी पत्रा मी आणला, सिक्के मी कापले, ठप्पा मारला, भोकं पाडली. वर घालायची बॉडी आणायलाही मलाच पाठवलं, कारण तिला लाज वाटत होती. दुकानदार म्हणाला, "काका, किसके लिए?" मी म्हटलं, "तुझ्या बापासाठी. मापाची दे." त्या बॉडीला तिनं आतून बकरमचं ताठ कापड लावलं आणि वरून टिकल्यांनी अशी मढवली की कापड दिसेना.

पट्ट्याला मात्र आम्ही फसलो. आमच्याकडे कमरपट्टा म्हणजे कमरेवर, बेंबीच्या वर, नवरीला बांधतात तसा. बायकोनं तेच माप घेतलं, घट्ट आणि सुरेख पट्टा केला. पोरीनं बांधला, आरशात बघितलं आणि खाली बसून हसायला लागली.

"मासी, ये तो दुल्हन का कमरपट्टा हो गया! मेरे को शादी नहीं करनी, नाचना है!"

मग तिनं हात लावून दाखवलं. पट्टा पार खाली, कुल्ल्यावर बसायला पाहिजे. पोट मोकळं राहिलं पाहिजे, तेच तर हलवायचं असतं. बायकोनं सगळा उसवला, कळ्या घालून वाढवला. पण आता बसतो का नाही ते बघायचं कसं? पोरगी कार्यक्रमाला गेलेली. बायको स्वतः बांधायला तयार नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

"या इकडं."

माझ्या कमरेला मागून हूक पुरेना, म्हणून नाडी लावून बांधला. माझं पोट पुढे, त्यामुळे पट्टा वर थांबूच शकत नव्हता. घसरला आणि नेमका पोटाखाली, जिथं पाहिजे तिथं बसला. बायकोला हसू आवरेना. पदर तोंडात धरून हसली.

"एवढी वर्षं वाटायचं, हे पोट फुकटच पोसतेय. आज कामाला आलं!"

त्या दिवसापासून मी तिचा पुतळा. आमच्या घरातला प्रत्येक पट्टा आधी माझ्या कमरेवर नाचला. मी हलवायचं, तिनं ऐकायचं. सगळ्या बाजूंनी सारखा वाजला तरच तो बाहेर जायचा.

पोरीचे केस कापलेले. अरबी नाचाला केस लांब पाहिजेत, मान फिरवली की पाठीवरून फिरले पाहिजेत. बायको म्हणाली, गंगावण करू. आमच्याकडे बायका विंचरताना निघालेले केस टाकत नाहीत, त्याचं गुंतवळ जपून ठेवतात आणि भांडीवालीला देतात. तिनं भांडीवालीकडूनच गुंतवळ आणलं, पिशव्या भरून. मला किळस आली. म्हटलं, हे काय घरात आणलंस? तिनं ते रिठ्याच्या पाण्यात धुतलं, वाळवलं आणि एकेक केस बोटांच्या चिमटीत घेऊन चोळायला बसली. केसाचं मूळ एका बाजूला आणि टोक एका बाजूला लागतं. उलटसुलट बांधले की दोन दिवसात जटा होतात. चोळताना केस कुठल्या बाजूला सरकतो त्यावरून तिला मूळ कळायचं. मला कधीच कळलं नाही.

पण सरळ करायची युक्ती माझी. लूमवर ताण्याचे उभे तार ज्यातून ओवतात ती फणी असते, लोखंडी बारीक दातांची. एक जुनी फणी कारखान्यातून भंगारात निघाली होती, ती मी आणून ठेवलेली. ती खाटेच्या पायाला बांधली आणि केस त्यातून ओढले. असे सरळ निघाले, जसा काही रेशमाचा ताणा! बायको फणीकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. त्या दिवशी तिनं मला विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा चहा दिला. आमच्याकडे याच्या पुढे कौतुक नसतं.

लोक बोलायचे. वहिनी सगळ्यात जास्त. दारात उभी राहून बोलायची, आत पाय टाकायची नाही.

"नाचणारीचे कपडे शिवता. भाऊ, तुला कंबर हलवताना कोणी पाहिलं तर गावाकडे काय सांगू मी?"

बायको मान वर न करता म्हणायची, "तुमच्या अंगावरच्या साडीला टिकल्या कोणी लावल्या? मीच ना? तीच सुई आहे ही."

एकदा गणपतीत आमच्या मराठी वस्तीतल्या मंडळानं तोच ऑर्केस्ट्रा आणला. आम्ही दोघं मागे उभे राहिलो. पोरगी नाचली ती काय नाचली! पट्ट्यावर दिवे पडत होते, केस पाठीवरून इकडून तिकडे जात होते, लोक शिट्ट्या मारत होते. मला ऐकू येत नव्हतं तरी पायाखालची जमीन हलताना कळत होतं. मी बायकोकडे बघितलं. तिचं पोरीच्या तोंडाकडे लक्षच नव्हतं, नुसती पट्ट्याकडे बघत होती. नाच संपल्यावर ती गर्दीतून पुढे गेली, स्टेजवर चढली आणि फळ्यांवरून हात फिरवून बघितला. मागे आली आणि हाताचा पंजा माझ्यासमोर धरला. नुसती धूळ होती.

"एक मणी नाही," ती म्हणाली.

राजाची राणी असती तरी एवढी ताठ चालली नसती, जेवढी ती त्या दिवशी घरापर्यंत चालली. आणि मीही. पुढे दुसऱ्या ऑर्केस्ट्रांतल्या पोरीही यायला लागल्या. आमचा मणी कुठल्याच स्टेजवर गळला नाही. हे मी छाती ठोकून सांगतो.

तो हिरवा पट्टा त्याच पहिल्या पोरीचा होता. इतकी वर्षं ती घोळक्यात नाचली. आता पहिल्यांदा एकटीचा नाच होता, हजिऱ्याला एका कारखान्याच्या कॉलनीत. बायकोनं शब्द दिला होता की नवा पट्टा आणि नवं गंगावण घालूनच जाशील. गंगावण झालं होतं, डबीत ठेवलेलं. पट्ट्याची डावी बाजू राहिली होती. आणि मग ती दुपार झाली.

संध्याकाळी तापीच्या काठी तिला पोहोचवून आलो तेव्हा ती नाचणारी पोरगी दारात उभी होती. डोळे सुजलेले. "काका, पट्टा रहने दो. कल मैं पुराना पहन लूँगी."

आत बघितलं तर पट्टा खिळ्यावर तसाच. मनात आलं, हा आता तिथंच राहणार. तिच्या हातचं शेवटचं काम, आणि ते अर्धवट. तिनं आयुष्यात कोणाचं काम अर्धवट ठेवलं नव्हतं आणि आता सगळे म्हणणार, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी पट्टा काढला आणि दाराजवळ उजेडात बसलो. डावी बाजू उसवली. ती गाठ मारताना दोऱ्याखाली करंगळी घालायची, म्हणजे तेवढा ढील राहायचा. मी पण घातली. माझी करंगळी जाड, लूमवर चेपून वाकडी झालेली. पण घातली. शेजारून चहा आला तो तसाच थंड झाला. कडोदऱ्याहून आलेली आमची पोरगी दिव्यात तेल घालून माझ्याकडे बघत बसली, तिनं अडवलं नाही.

सगळ्या सरी ओवून झाल्या. मी उठलो, सदरा वर घेतला, पट्टा बांधला. नेमकी त्याच वेळी वहिनी दारात आली.

"भाऊ! अरे काय चाललंय हे? सुतकात? तिच्या नावाचा दिवा जळतोय समोर आणि तू कंबर हलवतोस? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी यावं आणि सरी ओवाव्यात," मी म्हटलं.

पोट सोडलं. पट्टा बसला. आणि कंबर हलवली.

काही ऐकू आलं नाही. पुन्हा हलवली. सिक्के मांडीला लागत होते ते कळत होतं, पण वाजतात का, सारखे वाजतात का, कसं कळणार? मी आपला समोरच्या खाटेकडे बघत उभा. तिथं बसून ती ऐकायची.

"नही वाजस," वहिनी म्हणाली.

मला वाटलं मला भास झाला. "काय?"

वहिनीनं आवाज चढवला. "डावी बाजू! हुकाजवळची. अजून वाजत नाही."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला नाही कळणार? इतकी वर्षं भिंतीच्या पलीकडे काय करत होते मी? तिचा पट्टा बरोबर वाजला की कळायचं, काम झालं, आता ही चूल पेटवेल. मग मी माझी पेटवायचे." तिनं नाक पुसलं. "आण इकडे. आणि हात जरा ढिला सोड."

ती आत आली. कधी न येणारी बाई आत आली आणि पट्ट्याचं एक टोक गुडघ्यावर धरून बसली. मी हुकाजवळच्या सरी काढल्या. तिथं मी करंगळी घालायची विसरलो होतो, सवयीनं ओढून घेतलं होतं. पुन्हा ओवल्या. पुन्हा बांधला. पुन्हा हलवला. वहिनीनं बायकोसारखे डोळे मिटले नाहीत, टक लावून भिंतीकडे बघत ऐकलं.

"हां," ती म्हणाली. "आते वाजना. सगळीकडे सारखा वाजला. काढ आता, आणि आंघोळ कर."

आंघोळ मी नंतर केली. आधी पट्टा बायकोच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला, गंगावणाची डबी वर ठेवली आणि ओळीच्या टोकाला त्या पोरीच्या दारात गेलो. सुतकाचा म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबलो. तिनं कापड उघडलं, सरींवरून हात फिरवला आणि काही तरी बोलली. मला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा मोठ्यानं, गुजरातीत विचारलं, "काका, वागे छे?"

"वाजतो," मी म्हटलं. "आमच्या घरातून न वाजणारा पट्टा बाहेर जात नाही."