बुधवारचा उपास

मी डबा पुढे केला आणि स्टाफरूममधल्या सगळ्यांना एकदम उपास आठवला. वार बुधवार. त्या दिवशी संकष्टी नव्हती. एकादशीही नव्हती.

डब्यात नारळाच्या वड्या होत्या. मी म्हणाले, “नारळ उपासाला चालतो.”

मग इतिहासाच्या मॅडमना त्यांचा डायबेटिस आठवला. विभागप्रमुख सर घड्याळ बघत म्हणाले, “राहू द्या हो मॅडम, उगाच कशाला त्रास घेतलात?” वाणिज्यच्या सरांनी मात्र एक वडी घेतली. कागदी रुमालात गुंडाळली. “नंतर निवांत खाईन,” म्हणाले. मी तासावरून परत आले तेव्हा ती वडी रुमालासकट बेसिनखालच्या टोपलीत होती.

संध्याकाळी विभागप्रमुखांच्या मुलीला कुठेसा प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटले. उपास सुटला. डायबेटिसही बरा झाला.

हा अपमान मी स्वतःच्या हाताने डब्यात भरून नेला होता. तो गृहपाठ होता. माझ्या थेरपिस्टने दिलेला.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. येरवड्यात वाढले. मी बौद्ध आहे. या शहरात आडनाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. वर्गात मला कधी भीती वाटली नाही. भीती बैठकीत सुरू झाली. परीक्षा समितीचं प्रमुखपद ज्येष्ठतेने माझ्याकडे येत होतं, तेव्हा विभागप्रमुख सर सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडमना झेपेल ना? नाही, सवय नसते, म्हणून विचारतो.”

कशाची सवय, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. मीही विचारलं नाही. “दुसऱ्या कुणाला द्या,” असं म्हणून खाली बसले.

त्यानंतर बैठकीची सूचना आली की छातीत धडधड. हात गार. आवाज घशातच. मी दाराजवळची खुर्ची पकडायला लागले. डबा ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटामागे खायला लागले. घरी आईला सांगितलं, नोकरी सोडते. आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “सोड की. ते वाटच बघत्यात.”

हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि हृदय उत्तम असल्याचं सांगितलं. म्हणाले, “सीबीटी करणारं कोणीतरी गाठा.” सीबीटी म्हणजे बोधात्मक वर्तन उपचारपद्धती. मराठी नाव ऐकून रुग्ण आधीपेक्षा जास्त घाबरतो.

गाठायचं कुणाला? एका फलकावर सीबीटी, हस्ताक्षर सुधारणा आणि गर्भसंस्कार एकाच रांगेत होते. एका गृहस्थांनी फोनवरच सांगितलं की रोज आरशासमोर हसायचं, बाकी काही लागत नाही. शेवटी कोथरूडच्या एका नावाजलेल्या बाई मिळाल्या. भिंतभर प्रमाणपत्रं. सत्काराचे इतके फोटो की शालींचं दुकान वाटावं.

आधी आडनाव विचारलं. मग, “मूळचे कुठले तुम्ही?” मग मान हलवली. निदान तिथेच झालं असावं.

पण पद्धत त्यांनी नीट समजावली, हे मान्य करते. प्रसंग घडतो, मनात विचार येतो, त्या विचाराने भीती वाटते, अंग थरथरतं आणि आपण पळतो. म्हणून विचार पकडायचा आणि तो खरा आहे का ते तपासायचं. मला हे आवडलं. मी अर्थशास्त्राची. पुराव्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागत नाही.

मी माझा विचार सांगितला. हे लोक मला कमी लेखतात. माझ्या हातचं खात नाहीत.

“याला आम्ही मनकवडेपणा म्हणतो,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं, असं धरून चालायचं. ही विचारातली चूक असते. आपण प्रयोग करू. तुम्ही काहीतरी करून न्या. बघा, सगळे खातील.”

मी वड्या केल्या. बिनअंड्याच्या, बिनकांद्याच्या, कुणालाही नाव ठेवता येऊ नये अशा.

पुढच्या भेटीत मी निकाल सांगितला. उपास, डायबेटिस, टोपली, पेढे. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, “पर्यायी स्पष्टीकरण शोधा ना. खरंच उपास असेल एखाद्याचा.”

“सगळ्यांचा? आणि टोपलीतली वडी?”

“तुम्ही फार धरून ठेवता हो. तुमच्यात ना, हा न्यूनगंड असतोच. तुमची चूक नाही. पिढ्यांचं असतं ते.”

“तुमच्यात म्हणजे कोणात?”

“अहो, म्हणजे… बघा, लगेच तिकडे नेलंत. मी तसं म्हटलंय का?”

माझे हात गार पडले होते. तरी शब्द निघाले. आजही त्यांचं मला आश्चर्य वाटतं.

“मॅडम, हे मी तुमच्या मनातलं वाचलेलं नाही. तुम्ही मोठ्याने बोललात.”

मी पिशवी उचलली आणि निघाले. जिना उतरताना एक गोष्ट लख्ख झाली. पुरावा तपासा म्हणणारी पद्धत खोटी नव्हती. पुरावा समोर ठेवल्यावर डोळे मिटणाऱ्या बाई खोट्या होत्या. बाईंमुळे पद्धत सोडायची, तर वाणिज्यच्या सरांमुळे वाणिज्यही बंद करावं लागेल.

म्हणून पुन्हा फोन सुरू केले. आता भेट ठरवण्याआधी मी एकच प्रश्न विचारायची. “कामाच्या जागी एखादीला जात जाणवते. तुम्ही त्याला काय म्हणता?”

“आमच्याकडे जातपात काही मानत नाहीत हो,” एकीने घाईघाईने सांगितलं. मी तुमचं विचारलंच नव्हतं, असं म्हणून फोन ठेवला. दुसरा म्हणाला, सगळं आपल्या मानण्यावर असतं. त्याचाही ठेवला.

कॅम्पातल्या एक बाई मात्र म्हणाल्या, “मी आधी त्याला माहिती म्हणेन. मग त्या माहितीवरून तिने स्वतःबद्दल काय ठरवलंय, ते विचारेन.”

शिंप्याच्या दुकानावरची छोटी खोली. खालून मशीनचा आवाज. बाई मुसलमान, जन्मापासून पुण्याच्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “भाड्याने घर बघताना मालक आडनाव विचारतो तेव्हा माझीही धडधड वाढते. तो माझ्या विचारातला दोष नाही. पण त्या भीतीने मी घर बघायलाच जाणं सोडलं, तर मात्र मला बघावं लागेल.”

त्यांनी माझ्या एका विचारातून दोन विचार वेगळे केले. ते मला कमी लेखतात, हा पहिला. त्याला पुरावा भरपूर होता. तो खोडायचा नव्हता. बैठकीत बोलले तर मी सगळ्यांसमोर कोसळेन, हा दुसरा. याला पुरावा?

शोधला. नव्हता. मी कधी कोसळलेच नव्हते, कारण मी कधी बोललेच नव्हते.

मी भांडले त्यांच्याशी. “घाण त्यांच्या डोक्यात आणि बदलायचं मी?”

“त्यांनी माझ्याकडे वेळ मागितलेली नाही,” बाई म्हणाल्या. “सीबीटीने तुमचं कॉलेज सुधारणार नाही. ते काम वेगळं आहे. पण पळण्यात तुमची सगळी ताकद जातेय. ती हातात आली तर त्यांचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा.”

एवढं साधं वाक्य. त्याच्यासाठी अर्धं पुणं पालथं घातलं.

मग सराव. ग्रंथालय सोडून स्टाफरूमच्या टेबलावर डबा खायचा. दाराजवळची खुर्ची सोडायची. धडधड थांबायची वाट बघायची नाही, ती चालू असतानाच बोलायचं. पहिल्या दिवशी घास गिळता येईना. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, “अय्या, आज इकडे कशा?” मी म्हणाले, “इथेच जागा आहे माझी.” घास तरीही गिळवेना. पण उठले नाही.

गेल्या आठवड्यात बैठक झाली. परीक्षा समितीचं पद पुन्हा मोकळं होतं. सर म्हणाले, “मागच्या वेळी मॅडमनीच नको म्हटलं होतं. आपण त्यांच्यावर ताण नको टाकूया.”

मी उभी राहिले. आवाज कापत होता, तो सगळ्यांना ऐकू येत होता.

“ताण माझा आहे, सर. तो मी बघते. ज्येष्ठतेने नाव माझं आहे. द्यायचं नसेल तर कारण इतिवृत्तात लिहा.”

“अहो, तसं काही नाही मॅडम. तुम्ही गैरसमज करून घेताय.”

“मग लिहायला अडचण काय?”

कोणी माझ्या बाजूने बोललं नाही. वाणिज्यच्या सरांनी मोबाइल काढला. सरांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि चहा मागवला. पद मिळालेलं नाही. मिळेल असंही वाटत नाही.

पण मी कोसळले नाही. याला आता पुरावा आहे, आणि साक्षीदार ते सगळे आहेत.

नोकरी सोडणार नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही. बुधवारी पुढची बैठक आहे. हा विषय मी पुन्हा मांडणार. पुन्हा ढकलला तर प्राचार्यांकडे, तिथे ढकलला तर विद्यापीठाकडे. आवाज कापला तर कापऱ्या आवाजात. पण उभं राहून.