जर्मनीहून आलेलं मशीन

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी शिरूरच्या कॉलेजात होते. अर्थशास्त्राचे सर रोज दौंडहून येत. त्यांनी मला सेमिनारला विषय दिला, 'युरोपातलं गॅससंकट आणि भारत'. तोवर युरोपाशी माझा संबंध नकाशापुरताच होता. पण मी नेटानं कामाला लागले. वाचनालयात इंग्रजी पेपर वाचायचे आणि वहीत टिपणं काढायची. युद्धामुळे रशियाचा गॅस बंद झाला, जर्मनीत वीज महागली, तिथले कारखाने उत्पादन कमी करू लागले. डाव्या पानावर मी 'त्यांचे तोटे' लिहायचे, उजव्या पानावर 'आपल्याला संधी'. उजवं पान पटापट भरत होतं आणि मला त्याचा उगाच अभिमान वाटत होता.

आमचं घर निमोण्यात. माझे धाकटे काका रांजणगावला एका कंपनीत ऑपरेटर आहेत. मूळ कंपनी जर्मनीतली. एक दिवस फर्स्ट शिफ्ट करून आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "तुझ्या त्या जर्मनीतनं आमच्याकडं मशीन आलंय."

"नवं आहे का?"

"न्हाई, वापरलेलं हाय. तिकडचा एक कारखाना बंद केला, म्हणून इकडं धाडलंय. संगं एक म्हातारा इंजिनियर आलाय, जोडून द्यायला."

मला आनंद झाला. पेपरात वाचलेली संधी चक्क आमच्या घरात आली होती. तसं मी बोलून दाखवलं. काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "व्हय, चांगलंच हाय. मलाच देणारेत ते चालवायला. पण त्या माणसाकडं बघवत न्हाई गं. वीसेक वर्षं त्या मशीनवर त्यानंच काढली म्हणं. पेटी उघडली तवा पहिल्यांदा त्यानं फडकं घेतलं आन् सगळं मशीन पुसून काढलं. कुणाला हात लावू दिला न्हाई."

हे कुठल्या पानावर लिहायचं, ते मला कळेना.

साहेबांना विचारून काकांनी त्या पाहुण्याला रविवारी घरी जेवायला बोलावलं. मला म्हणाले, "तू इंग्रजी बोल त्याच्याशी. आमचं समदं हातवाऱ्यावर चाललंय."

पाहुणा उंच, जरा वाकलेला. काकूनं शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती. त्यानं अख्खी शेंग तोंडात घातली आणि चावत राहिला. थुंकायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी काकूनं स्वतः एक शेंग चोखून चोथा ताटाच्या कडेला ठेवून दाखवला, तेव्हा तो मनापासून हसला.

त्याचं इंग्रजीही माझ्यासारखंच अडखळत चालणारं होतं. त्यामुळे मला धीर आला. मी वहीतला प्रश्न विचारला, "तुमचा कारखाना गॅसमुळे बंद पडला का?"

"मालक म्हणाले, गॅसमुळे. युनियन म्हणाली, मालकांना तो आधीपासूनच बंद करायचा होता. आमच्या पेपरात आलं, चीनमुळे."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यानं खांदे उडवले. "मला खरंच माहीत नाही."

मग मी विचारलं, युद्ध थांबवायला रशियाशी बोलणी करावीत का? तो म्हणाला, "माझी मुलगी म्हणते, करावीत. माझा भाऊ म्हणतो, अजिबात नाही. नाताळला दोघं एका टेबलावर बसले नाहीत."

मी हे काकांना मराठीत सांगितलं. काका म्हणाले, "म्हंजी आपल्या सोसायटीच्या इलेक्शनवानीच की."

जेवण संपत आलं तेव्हा पाहुण्यानं मला विचारलं, "तू हाच अभ्यास करतेस. मग सांग, आमचा कारखाना पुन्हा सुरू होईल का?"

तो थट्टा करत नव्हता. मी कॉलेजात शिकते म्हणजे मला ठाऊक असेल, असं त्याला खरंच वाटत होतं. सांगता येत नाही, एवढंच मी म्हणाले. काकांनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"सुरू झाला तर मशीन परत नेत्याल का?"

आता दोघंही माझ्याकडे बघत होते. दोघांना वेगवेगळी उत्तरं हवी होती, आणि मला दोघांचंही पटत होतं. मी काकूला पाणी मागितलं.

सेमिनारच्या दिवशी मी सगळं वाचून दाखवलं आणि शेवटाला आल्यावर अडखळले. सरांनी विचारलं, "निष्कर्ष काय?" मी म्हणाले, "सर, मला निष्कर्ष काढता आला नाही." वर्गात थोडं हसणं झालं. सर रागावले नाहीत. परीक्षेत मात्र असं लिहू नकोस, एवढं त्यांनी बजावलं. परीक्षेत मी दोन्ही बाजू लिहिल्या आणि पास झाले.

पाहुणा महिनाभरानं परत गेला. मशीन रांजणगावलाच आहे, काकाच ते चालवतात. वेगळा आवाज यायला लागला की ते व्हिडिओ करून त्याला पाठवतात, आणि तो कुठला नट आवळायचा, ते चित्र काढून कळवतो. मध्यंतरी युद्ध थांबवायच्या बोलण्यांची बातमी आली, पुढच्याच आठवड्यात बोलणी फिसकटल्याची. काका कामावरून आले की विचारतात, "आज काय आलंय तिकडचं?" मी वाचून दाखवते. ते ऐकून घेतात, आणि मग मशीनचा आजचा आवाज कसा होता, ते मला सांगतात.