पाण्याला वाकलेला जिराफ

आमच्या घरमालकांइतका जिराफांचा कैवारी अख्ख्या मुळशी तालुक्यात नाही. आफ्रिकेत एखादा असलाच, तर त्याच्या भाडेकरूंची मला मनापासून कीव येते. माणमधली शेती विकून आबांनी खोल्या बांधल्या, मोठा टीव्ही घेतला आणि त्यावर जिराफ पाहिला. तेव्हापासून आम्हाला स्वतःचं दुखणंही सुखाने सांगता येत नाही. संगणकापुढे बसून माझी मान आखडली, तर म्हणे, "ताई, तुमच्या मानंत सात हाडं, त्याच्याबी सातच. ते करतंय का तक्रार?" रात्रपाळीहून आलेल्यांची दारं भल्या सकाळी ठोठावून विचारतात, "जिराफ इवलीशी डुलकी काढतंय, आन् तुमी अजून लोळताय व्हय?"

इथवर मी सोसलं. पण गेल्या उन्हाळ्यात त्यांनी अंगणातच सिमेंटचा जिराफ उभारला, तोही पुढचे पाय फाकवून पाणी पिणारा! सरळ उभा असता तर कोपऱ्यात मावला असता. आता टँकर आत वळेना, टाकी कोरडी, आणि सगळ्या खोल्यांच्या पाण्याची व्यवस्था पाहणारी मी बादल्या वाहतेय! त्या आठवड्याच्या यादीत मी पहिलंच काम लिहिलं: जिराफ हलवणे.

"आबा, निदान चार हात मागे घ्या."

"मग त्याचं त्वांड पाण्याला कसं पुरंल?"

"सिमेंटचा आहे तो! त्याला कशाला पाणी?"

"लई बोलता तुमी," म्हणून ते आत निघून गेले.

मीच गवंडी ठरवला. त्याला सवड मिळता मिळता पोळ्याचा दुसरा दिवस ठरला. पोळ्याच्या संध्याकाळी मी मापं घ्यायला टेप घेऊन उतरले, तर आबा जिराफाच्या शिंगांना बेगड चिकटवताहेत आणि घरमालकीण काकूंनी त्याच्या तोंडाशी पुरणपोळी धरलीय! तणतणत जवळ गेले, तेव्हा ते तोंड कुठे टेकलंय हे प्रथमच नीट पाहिलं. खाली बैलांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण होती. बैलांच्या माना घासून तिची कड गुळगुळीत झाली होती.

"मग बैलच करून घ्यायचा ना, आबा."

"नगं. आमच्या दोन्ही बैलांची तोंडं मला पाठ हायेत. गवंड्याकडनं जरा जरी चुकलं असतं, तर रोज डोळ्याला खुपलं असतं."

मी गवंड्याला येऊ नको म्हणून कळवलं आणि टँकरवाल्याला लांब पाइप आणायला लावला. टँकर आता रस्त्यावरच थांबतो. पाइप टाकीत सोडण्याआधी मी तो डोणीत धरते. तेवढं पाणी वाया जातं, आणि ते मला दर वेळी खटकतं. पण डोण भरेपर्यंत आबा ओट्यावरून हलकी शीळ घालत राहतात, पाण्यावर आणलेल्या बैलांसाठी घालतात तशी.